दार बंद, सूचना दिली

तीन दिवसांत तीन चिठ्ठ्या फटीतनं आत आल्या.
तिन्हींवर एकच शेरा, निळ्या पेनानं, उजवीकडं कललेला:
दार बंद. सूचना दिली.

दार बंद हुतं, खोटं कशाला बोलू.
पण दाराच्या आत मी हुतो की!
खुर्चीत, लुंगीवर, पंख्याखाली,
समोर टीव्हीवर कुस्ती, पोरगा नुसताच दंड थोपटतोय.
सूचना दिली म्हणं. कुणाला दिली?
दाराला?

उद्यमनगरात चौतीस वर्षं लेथवर काढली.
पत्र्याच्या पलीकडं पॉवर प्रेस.
ठोके कुणी मोजले न्हाईत,
कानांनी मोजले, आणि हिशेब निवृत्तीनंतर दिला.
डाव्यात आता एक बारीक शिट्टी आहे, रात्रंदिवस.
उजव्यात तीबी न्हाई.
बेल ऐकायचं काम हिचं हुतं.
ही गेली, बेल तेवढी ऱ्हायली.

म्हणून धाकटीनं हुबळीतनं कानाचं मशीन धाडलं.
आणि ते दारात आलंय हे कळायला
आधी ते कानात पाहिजे हुतं.

चौथ्या दिवशी भडकून पोस्टात गेलो, राजारामपुरीत.
खिडकीतली पोरगी बोलत हुती, ओठ लई भरभर.
म्हटलं, लिव.
कुठल्याशा फॉर्मच्या मागं तिनं लिहिलं:
पार्सल पोस्टमनकडे आहे. घरी थांबा.
घरी थांबा!
मी काय बोललो ते मला ऐकू आलं न्हाई,
पण अख्खी रांग मागं वळली
आणि एका बाईनं लेकराचे कान झाकले.

परत आलो तर चौथी चिठ्ठी.
अक्षर तेच, शेरा येगळा:
आज कुलूप आहे. इतके दिवस चप्पल असायची.
खाली सही: द. मुजावर.

बराच येळ ती हातात धरून बसलो.
म्हणजे गड्याला ठाऊक हुतं.
बाहेर उभा राहून, माझ्या चपलेकडं बघून,
तीन दिवस तो 'दार बंद' लिहीत हुता.
दुसरं काय लिहिणार? तसा रकाना नसतोय.

पाचव्या दिवशी, पावणेबाराला, पंखा थांबला.
टीव्ही काळा. पैलवान गेले.
लाईटवाल्यांच्या नावानं शिव्या देत दार उघडलं,
तर जिन्याखाली, मीटरच्या पेटीपाशी,
दस्तगीर मुजावर.
एक हात मेन स्वीचच्या दांडीवर,
काखेत पार्सल,
आणि तोंडावर शाळेत खोडी सापडल्यावर असतं तसं हसू.

काचेवर बोटानं सही करायला लावली.
माझी सही गांडुळागत वळवळली, तरी त्याला चालली.
अंगठा तोंडाशी नेऊन पाणी मागितलं.
दोन तांबे प्याला, उभ्यानंच.
जाताना दांडी वर केली,
आत पंखा लागला,
तो मला ऐकू आला न्हाई पण गार लागला.

मशीन घातलं एकदाचं.
पंखा किती कुरकुरतो ते कळलं.
वरची टाकी भरून वाहते ते कळलं,
शेजारच्या माळीबाईंचं माझ्याबद्दलचं मत
कळलं, ते न कळतं तर बरं झालं असतं.
दोन तासांच्या वर सोसत न्हाई.
काढून स्टीलच्या डबीत ठेवतो, लवंगांच्या शेजारी.
लेकीला सांगतो, झोपेतबी घालतो गं.

दस्तगीरबी बेल मारत न्हाई.
वीजबिलाचं पाकीट असलं तरी आधी दांडी खाली,
मग मी बाहेर.

गेल्या आठवड्यात दुपारी पंखा थांबला.
शर्ट घातला, बटणं लावली,
तांब्या भरून घेतला, दार उघडलं.
जिना मोकळा.
दांडी वरच हुती.
समोरची गिरणीबी बंद, पिठानं पांढरा झालेला पोरगा
पायरीवर वारा खात बसलेला.
सगळ्या गल्लीचीच गेलेली.

तांब्या भरलाच हुता.
थांबलो जरा.